चरबी कुठं बसायची, ते ठरवतं कोण?

(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

निपाणीच्या माझ्या दवाखान्यात वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त झिजली आहे. काट्यावर चढायला बायका-बाप्ये दोघंही उत्सुक असतात, चपला काढून, खिशातली किल्ली टेबलावर ठेवून चढतात. टेप काढली की मात्र श्वास आत ओढतात. मागच्या अंकात थायरॉईडवर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत थायरॉईडबद्दल विचारणारे थोडे आणि 'हार्मोनमुळं वजन वाढलंय' म्हणणारे पुष्कळ. म्हणून या वेळी सगळी पत्रं त्याच विषयावरची निवडली. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ४८. दीड वर्षापासून पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी पंधरा दिवसांत. वजन तीनच किलो वाढलं, पण पोट असं सुटलंय की परवा बसमध्ये एका पोरीनं मला उठून जागा दिली. मांड्या उलट बारीक झाल्यात. खाणं पहिल्यासारखंच, सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात-आमटी. थायरॉईड नॉर्मल आहे. मग हे कशानं? (खानापूर)

बाई, खाणं तेच असेल, पण ते अंगात कुठं ठेवायचं हे ठरवणारं माणूस बदललंय.

रक्तातून फिरणारी चरबी सरळ चरबीच्या पेशीत शिरत नाही. केशवाहिन्यांच्या आतल्या बाजूला लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. ते चरबीचे मोठे रेणू फोडतं, तुकडे पेशीत जातात आणि आत गेल्यावर पुन्हा जोडले जातात. आमच्याकडं तंबाखूच्या वखारींसमोर हमाल उभे असायचे, तसं समजा. ज्या वखारीपुढं हमाल जास्त, तिथं माल जास्त उतरणार. पाळी चालू असलेल्या वयात बाईच्या मांड्या-नितंबांपुढं हे हमाल जास्त असतात, पोटापुढं कमी. ही नेमणूक मुख्यतः अंडाशयातून येणाऱ्या हार्मोनांची. इस्ट्राडायॉल हे त्यातलं मोठं नाव, इस्ट्रोजेन म्हणतात त्या बायकी हार्मोनांच्या घरातलं.

निसर्गानं हे उगाच केलेलं नाही. मांडीवरचा साठा एरवी हलता हलत नाही, पण बाळ अंगावर पीत असताना तो सुटायला लागतो. त्या महिन्यांत तिथलं लायपेज मंदावतं आणि चरबी बाहेर पडणं सोपं होतं. म्हणजे तो बाळासाठी राखून ठेवलेला साठा.

आता तुमच्या वयाकडं येऊ. पाळी जायच्या आधीची ही काही वर्षं असतात. आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमाराला. अंडाशयातलं इस्ट्राडायॉल आधी वरखाली होतं, मग आटतं. त्यानंतर इस्ट्रोजेन बनतं ते बहुतेक चरबीच्याच पेशींत. मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतून येणाऱ्या पुरुषी जातीच्या हार्मोनांचं तिथं अॅरोमॅटेज नावाच्या एन्झाइमनं रूपांतर होतं, आणि जे तयार होतं ते इस्ट्रोन, पहिल्यापेक्षा बरंच कमजोर. पुरुषी हार्मोनं मात्र त्या मानानं फारशी उतरत नाहीत. मग माल मांडीकडं न जाता पोटात उतरायला लागतो. अमेरिकेत मध्यमवयीन बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, त्यात पाळी जाण्याचा काळ सुरू झाला की अंगावर चरबी चढायचा वेग जवळजवळ दुप्पट होतो आणि स्नायू मात्र उतरायला लागतात असं दिसलं. म्हणून तुमचा काटा तीनच किलो सांगतो. चरबी आली तीनपेक्षा जास्त, स्नायू गेले, आणि काट्याला बेरीज-वजाबाकीच तेवढी कळते.

मला हे टेप लावायच्या आधीच दिसतं. तपासणीच्या टेबलावर बाई आडवी झाली की परकराच्या नाडीचा काळा वळ दिसतो. वीस-पंचवीस वर्षं एकाच जागी बांधून पडलेला. चाळिशीच्या अलीकडे तो कमरेवर असतो. नंतर जुना वळ वर राहतो आणि त्याच्या चार बोटं खाली नवा, ओला लाल वळ उमटतो, कारण नाडी आता पोटाखाली बांधावी लागते. दोन वळ दिसले की मी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगते.

कारण पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी मांडीवरच्या चरबीसारखी गप्प बसत नाही. तिच्यातून सुटलेली स्निग्धाम्लं यकृताकडं जाणाऱ्या शिरेतून थेट यकृतात पोचतात. यकृत मग ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, जास्त बनवतं, स्वतःतही चरबी साठवतं, आणि इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. फ्रान्समध्ये मार्सेयचे डॉक्टर ज्याँ व्हाग यांनी १९४७ सालीच लिहून ठेवलं होतं की लठ्ठपणा दोन घडणीचा असतो, बाईच्या घडणीचा आणि पुरुषाच्या घडणीचा, आणि मधुमेह-हृदयविकार दुसऱ्याच्या मागं लागतात. पाळी गेली की वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढतं तेही यातलंच, कारण ते रक्तातून उचलायला यकृताला इस्ट्रोजेनची मदत होत असते.

करायचं काय? आधी कंबर मोजा. साडीचा नेसू सैल करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा, श्वास सोडून मोजा. आपल्या लोकांत बाईला ८० सेंटिमीटर, पुरुषाला ९० ही सीमा. मग स्नायू वाचवा. नुसतं चालणं या वयात पुरत नाही. वजन उचला, दोन पाण्याच्या बाटल्या घ्या, खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठा-बसा. आणि ताटात भात थोडा हटवून हुलग्याची उसळ, मटकी, ताक, अंडं याला जागा करा. खानापूरकर बाईला तांदूळ सोडा म्हणणार नाही, तुमच्याकडचा तांदूळ मी स्वतः मागवते.

हार्मोनच्या गोळ्या-पट्ट्या पोट कमी करायला देत नाहीत. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं उशी भिजते, त्याच्यासाठी त्या आहेत, आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, साठीच्या आत सुरू करायच्या. घेणाऱ्या बाईच्या पोटात चरबी थोडी कमी जमते हे खरं, पण तो वरचा फायदा. स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, पायात रक्ताची गाठ झाली होती किंवा कारण न कळता रक्त जातंय, अशा बाईनं त्यांच्या वाटेला जायचं नाही.

प्रश्न : मी आणि हे, दोघं रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोत पाऊण तास चालतो. तीन महिन्यांत यांचा पट्टा दोन भोकं मागं गेला. माझं काहीच नाही, मांड्या आहेत तशाच. चालण्यातसुद्धा पुरुषांना फायदा का? (टिळकवाडी, बेळगाव)

तुम्ही चिडून लिहिलंय, आणि चिडायला जागा आहे. सारख्याच दमानं चालताना बाईचं शरीर पुरुषाच्या शरीरापेक्षा चरबी जास्त जाळतं आणि साखर कमी, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलंय. तरी पोट उतरलं त्यांचं.

चरबी बाहेर काढायचा हुकूम अॅड्रिनलिन नावाचं हार्मोन देतं. पेशीवर त्याला ऐकणारे दोन प्रकारचे कान असतात. बीटा जातीचा कान हुकूम ऐकून चरबी सोडतो, अल्फा-दोन जातीचा कान ऐकून दार लावून घेतो. पोटातल्या चरबीवर बीटा जास्त, बाईच्या मांडीवर अल्फा-दोन जास्त, आणि इस्ट्रोजेन या दुसऱ्या जातीची संख्या वाढवतं. यांचा साठा सगळा पोटात होता, म्हणून तो आधी निघाला. तुमचा मांडीत आहे.

पण ताई, तुमच्या पत्रात कमरेचं माप ७६ लिहिलंय. म्हणजे यांच्याकडं जे होतं ते तुमच्याकडं मुळात नव्हतंच. मांडीवरची चरबी ज्यांना जास्त, त्यांना मधुमेह नि हृदयविकार कमी, असंच अभ्यासांत दिसतं. चालत राहा. मांड्या बारीक करतो म्हणून पैसे मागणाऱ्या यंत्रावर मात्र झोपू नका. शहापुरात एकाकडं जाऊन आलेल्या तिघी माझ्याकडं आल्यात, पाकीट तेवढं बारीक झालंय.

प्रश्न : वय ५२, बेळगावात दुकान आहे. उंची पाच फूट सात इंच, वजन ६६, म्हणजे बरोबर आहे ना? पण हातपाय काटकुळे आणि पोट पुढं. फोनवर जाहिरात बघून टेस्टोस्टेरॉन तपासून घेतलं, कमी आलं. इंजेक्शन घेतल्यावर पोट जातं म्हणतात. घेऊ का? (गणपत गल्ली)

वजन-उंचीचा हिशेब केला तर तुमचा आकडा २३ च्या आत येतो, म्हणजे कागदावर तुम्ही ठाकठीक. हा कागद आपल्या लोकांना फसवतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा तो आकडा अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. शर्टाच्या आत काय आहे ते काट्याला कळत नाही. तुम्ही कंबर लिहिली नाही, पण 'पोट पुढं' म्हणताय म्हणजे नव्वदीच्या वर असणार.

आता टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हार्मोन. ते तरुण, कच्च्या पेशींना स्नायूकडं वळवतं, चरबीकडं जाऊ देत नाही, आणि पोटातल्या चरबीला माल उचलायला अडवतं. म्हणून ते कमी झालं की पोट वाढतं, हे बरोबर आहे. पण उलटंही तितकंच खरं आहे, आणि ते जाहिरातवाला सांगत नाही. पोट वाढलं की टेस्टोस्टेरॉन कमी होतं. चरबीच्या पेशींतलं ते अॅरोमॅटेज (खानापूरच्या बाईंना सांगितलं तेच) टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. मेंदूला वाटतं हार्मोन भरपूर आहे, तो वरून येणारा हुकूम ढिला करतो. शिवाय इन्शुलिन वाढलेलं असलं की यकृत टेस्टोस्टेरॉनला रक्तात वाहून नेणारं प्रथिन कमी बनवतं, त्यामुळं एकूण आकडा आणखी खाली दिसतो. असं हे चक्र. ते फोडायला पोटाकडून शिरणं स्वस्त पडतं. वजन उतरलं की पुष्कळांचं टेस्टोस्टेरॉन आपसूक वर येतं.

आणखी एक गंमत बघा. पुरुषाच्या अंगातलं इस्ट्रोजेन हा काही कचरा नाही. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी पुरुषांचं स्वतःचं हार्मोन इंजेक्शननं बंद केलं आणि वरून जेलमधून मोजून टेस्टोस्टेरॉन दिलं. काहींना त्याच्यासोबत इस्ट्रोजेन बनू न देणारं औषधही दिलं. टेस्टोस्टेरॉन कमी पडलं तिथं स्नायू आणि ताकद गेली. चरबी वाढली ती मात्र मुख्यतः इस्ट्रोजेन कमी पडल्यामुळं! त्यामुळं 'इस्ट्रोजेन ब्लॉकर' म्हणून डबे विकणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

तुमची तपासणी किती वाजता केली ते कळवा. दुपारी जेवून, दुकानातून जाता जाता रक्त दिलं असेल तर तो आकडा फेकून द्या. सकाळी लवकर, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी कमी आलं, आणि सोबत इच्छा कमी होणं, सकाळचा ताठरपणा जाणं अशा तक्रारी असतील, तरच पुढचा विचार. इंजेक्शननं रक्त घट्ट होऊ शकतं, प्रोस्टेटवर लक्ष ठेवावं लागतं. त्याआधी साखर, ट्रायग्लिसराइड आणि यकृत तपासून घ्या. दुकानात कुंदा (आपली बेळगावची मिठाई) विकता की नुसता खाता, ते पत्रात लिहिलं नाहीत!

प्रश्न : मी कुस्ती करतो, वय २३. जिममधला एक दोस्त आठवड्याला एक 'टेस्टो' घेतो, चरबी जाऊन अंग कापल्यासारखं दिसतं. वस्तादांना न सांगता घ्यावं काय? (बेळगाव तालुका)

वस्तादांना न सांगता करायची गोष्ट आहे म्हणतोस, तिथंच उत्तर आलं. तरी सांगते. वरून आलं की आतला कारखाना बंद पडतो, अंडकोष आक्रसतात, वीर्यातले शुक्रजंतू नाहीसे होऊ शकतात, आणि सोडल्यावर सगळं परत यायला महिने लागतात, कधी वर्षही. त्या मोकळ्या काळात स्वतःचं हार्मोन नाही आणि बाहेरचंही नाही. मिळवलेले स्नायू जातात, चरबी परत चढते. चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, धाडकन खाली येतं. जादा टेस्टोस्टेरॉनचं अॅरोमॅटेज इस्ट्रोजेन करतंच, म्हणून काही पोरांच्या छातीला गाठी येतात. लाल मातीत लंगोट घालून उतरणाऱ्याला ते कसं लपवायचं? शिवाय उत्तेजक तपासणीत सापडलास तर बंदी. तुझ्या दोस्तालाही हे पान वाचायला दे.

प्रश्न (फोनवर आवाजात सांगून पाठवलेला, तसाच छापतो आहोत) : म्याडम, मी अथणीकडची. शेतात कामाला जातो. अंगावरून लई जात होतं म्हणून पस्तिसाव्या वर्षी पिशवी काढून घेतलो. आता अडतीस चालू. हात-पाय न्हाई, पोटच सुटलंय बगा. रात्रीचं घाम फुटतोय, झोप न्हाई. पिशवी काढली की अंग धरतंय म्हणत्यात, खरं काय हे? (अथणी तालुका)

अक्का, तुमचा तो रात्रीचा घाम मला पोटापेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

पिशवी म्हणजे गर्भाशय. ती हार्मोनं बनवत नाही, बनवतात शेजारची दोन अंडाशयं. नुसती पिशवी काढली असेल तर अंडाशयं आपलं काम चालू ठेवतात, फार तर थोडी लवकर थकतात. पण पुष्कळ ठिकाणी पिशवीबरोबर तीही काढून टाकतात आणि बाईला कोणी धड सांगत नाही. घरात ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड असेल, ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत बघा. त्यावर इंग्रजीत 'बीएसओ' अशी तीन अक्षरं असली तर दोन्ही अंडाशयं काढलीत. कार्ड नसेल तर एफएसएच नावाची रक्ततपासणी करून अंदाज येतो.

काढली असतील तर खानापूरच्या बाईंना जे हळूहळू काही वर्षांत होतंय ते तुम्हाला एका रात्रीत झालं, आणि दहा वर्षं आधी. त्यानं पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. एवढ्या कमी वयात, आधी सांगितलेल्या अडचणी नसतील तर, पाळी नैसर्गिकपणे गेली असती त्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यायला हवं. इथं ते हौसेचं औषध नव्हे, गरजेचं. पिशवी नसल्यामुळं नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. प्रोजेस्टेरॉन लागतं ते पिशवीच्या अस्तराला जपायला. जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात कार्ड घेऊन जा आणि हे पान दाखवा.

आणि कष्टाचं काम करू नका असं ऑपरेशननंतर सांगितलं होतं, ते काही आठवड्यांपुरतं होतं. बऱ्याच बायका ते जन्मभर पाळतात आणि दोष पिशवीला देतात. तुम्ही शेतात जाताय ते चांगलंच आहे.

हे लिहिताना राग आवरावा लागतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्याचं २०१९ साली गाजलं, चौकशी समिती बसली. त्याच टोळ्या दर हंगामाला आपल्या कारखान्यांच्या फडात येतात. अंगावरून जातं म्हणजे पिशवी काढायची, हा पहिला उपाय नाही. गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू आहे. विचारा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, मग सही करा.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, धारवाडला हॉस्टेलवर. पाळी तीन-तीन महिने नाही, हनुवटीवर केस, पोट वाढतंय. सोनोग्राफीत 'गाठी' निघाल्या. लग्न केलं की बरं होतं असं जाऊबाई म्हणतात. पुरुषी हार्मोन जास्त आहे म्हणे, मग पुरुषासारखी चरबी कमी का होत नाही? (गोकाक)

शेवटचा प्रश्न तुम्ही फार मार्मिक विचारलात. पुरुषात टेस्टोस्टेरॉन कमी पडलं की पोट वाढतं, आणि बाईत ते जास्त झालं की पोट वाढतं. शरीर प्रमाण बघतं, आणि दोघांची प्रमाणं वेगळी. बाईच्या अंगात या हार्मोनचा जोर वाढला की चरबी मांडी सोडून पोटाकडं वळते. पोटातल्या चरबीनं इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून स्वादुपिंड इन्शुलिन आणखी सोडतं. ते जादा इन्शुलिन अंडाशयाला आणखी पुरुषी हार्मोन बनवायला लावतं, आणि यकृताला त्या हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी करायला लावतं. मोकळं सुटलेलं हार्मोन मग हनुवटीवर केस उगवतं.

या त्रासाला पीसीओएस म्हणतात. त्या 'गाठी' म्हणजे पूर्ण न पिकलेली बीजकोशं. कर्करोग नाही, ऑपरेशन नाही. पाळी सुरू होऊन आठ वर्षं व्हायच्या आत तर सोनोग्राफीवरून निदान करूच नये असं २०२३ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं, कारण त्या वयात निरोगी मुलींतही अशी बीजकोशं दिसतात. पाळी आणि केस एवढ्यावरून निदान होतं, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन बघून घ्यायचं. ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासायला विसरू नका.

वजनातले पाच ते दहा टक्के उतरले तरी कितीतरी मुलींची पाळी सुधारते. साठ किलोच्या मुलीला तीन ते सहा किलो. बारीक मुलींनाही हा त्रास होतो, त्यांना उपाशी ठेवू नका. हॉस्टेलवर डबा भरून करदंट पाठवता, ते कळतंय मला! गोकाकची आई दुसरं काय पाठवणार? महिन्याला एक पाकीट पुरे. पाळी तीन महिन्यांपेक्षा लांबली तर डॉक्टरकडं न्यायचंच, अस्तर साठून राहणं चांगलं नाही. जाऊबाईंना सांगा, लग्नानं आडनाव बदलतं, इन्शुलिन नाही.

प्रश्न : पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी जाड होतात का? आशाताईंनी 'अंतरा' इंजेक्शन सुचवलंय. (हुक्केरी)

'माला-एन'सारख्या मिश्र गोळ्यांनी वजन फारसं वाढतं असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही, सुरुवातीला थोडं पाणी धरतं इतकंच. तीन महिन्यांच्या 'अंतरा' इंजेक्शनमध्ये प्रोजेस्टेरॉनसारखं औषध असतं, त्यानं काही बायकांचं वजन खरंच वाढतं. पहिल्या सहा महिन्यांत वाढायला लागलं तर पुढंही वाढत जाण्याचा संभव जास्त. तसं दिसलं तर तांबी किंवा 'छाया' गोळी मागा. आशाताईंवर रागवू नका, त्या बिचाऱ्या घरोघरी फिरतात.

प्रश्न : सून बाळंत होऊन दोन महिने झाले. पोट बांधलं की चरबी जिरते ना? ती डिंकाचे लाडू नको म्हणते. (संकेश्वर)

पोट बांधल्यानं कंबरेला आधार मिळतो, चरबी जिरत नाही. ती जिरवतं बाळ. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात, थोड्या मांडीच्या साठ्यातून येतात, उरलेल्या ताटातून. सकाळी एक लाडू द्या. सहा देऊ नका. नको म्हणाली तर भाकरी, पालेभाजी, वरण जास्त वाढा, आणि लाडू मुलाला द्या, तोही रात्री जागतोच आहे ना?

प्रश्न : आमच्या शेतात सोयाबीन. मुलगा म्हणतो सोयात बायकी हार्मोन असतं, खाल्लं की पुरुषाची छाती वाढते. घरात सोयाची वडी बंद केलीय. (चिकोडी)

सोयात वनस्पतीतले असे पदार्थ आहेत जे इस्ट्रोजेनच्या जागी बसू शकतात, पण फार दुबळेपणानं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन त्यानं बदलत नाही. वडी सुरू करा, प्रथिनं भरपूर आहेत. पोराची छाती वाढलेलीच असेल तर एकदा दाखवायला घेऊन या, येताना जिममधून कोणता डबा आणलाय तोही आणा.